पत्ता नसलेले संदर्भ

शिरूरच्या बाजारपेठेत माझे टायपिंग आणि बाइंडिंगचे दुकान आहे. मी मूळचा दौंडचा. वडील रेल्वेत होते. बारावीनंतर माझे कॉलेज सुटले ते सुटलेच. संशोधन कसे करावे हे मला कोणी शिकवले नाही. दुसऱ्यांचे प्रबंध टाइप करता करता ते मी उचलले. 'तत्रैव' हा शब्द पहिल्यांदा टाइप केला तेव्हा ते एखाद्या लेखकाचे नाव असावे, आणि गृहस्थाने पुष्कळच लिहिलेले दिसते, असे मला वाटले होते. पुढे तळटिपांची गोडी लागली. टाइप केलेल्या टिपांतल्या पुस्तकांची नावे वहीत उतरवायची, रविवारी दौंडहून पॅसेंजरने पुण्याला जायचे आणि ग्रंथालयात ती पुस्तके मागायची, असा क्रम बरीच वर्षे चालला. माझे जे काही वाचन आहे ते असे दुसऱ्यांच्या तळटिपा धरून झालेले आहे.

हे आधी सांगितले, कारण पुढचा प्रश्न माझ्यासारख्याला का लागतो ते त्याशिवाय कळायचे नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेने, म्हणजे एआयने लिहून दिलेल्या मजकुराचा संदर्भ अभ्यासपूर्ण लेखनात द्यावा का, आणि द्यायचा तर कशाचा पुरावा म्हणून, हा तो प्रश्न.

गेल्या वर्षी पावसाळ्यात एक विद्यार्थी प्रबंधिकेची फाइल घेऊन दुकानात आला. विषय होता १८७५ सालच्या दख्खनच्या दंगली. सावकारांविरुद्धच्या या उठावाची कथा आमच्याच भागातली आहे. शिरूर तालुक्यातल्या करडे गावात डिसेंबर १८७४ मध्ये कालूराम या सावकाराने बाबासाहेब देशमुख या कर्जदारावर हुकूमनामा मिळवून त्याच्या घरावर जप्ती आणली आणि गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. पुढे १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर हल्ला करून कर्जखते जाळली. या विषयावर सापडेल ते मी पंधराएक वर्षे गोळा करत आलो आहे.

फाइल लावता लावता मी चौदाव्या तळटिपेशी थबकलो. करडे गावातल्या बहिष्कारावर एक स्वतंत्र मराठी पुस्तक, लेखकाचे नाव, पुण्याचा प्रकाशक, साल, पृष्ठ ११२. या पुस्तकाचे नावही मी ऐकलेले नव्हते. खोटे कशाला सांगू, मला आनंद झाला आणि थोडी असूयाही वाटली. पुढच्या तीन रविवारी मी पुण्यातली तीन ग्रंथालये पालथी घातली. पुस्तक नव्हते. लेखक नव्हता. त्या नावाच्या प्रकाशकाने असे काही काढल्याची नोंद कुठल्या सूचीत नव्हती. मग त्या मुलाला फोन केला. तो अगदी सहजपणे म्हणाला, "काका, ते मी नाही शोधलं. एआयने दिलं." अडतीस टिपांपैकी अकरा टिपा अशा निघाल्या.

पोरगा लबाड नव्हता. त्याचे गाव न्हावऱ्याच्या पुढे आहे. सकाळी दूध घालून एसटीने कॉलेजला यायचा. दोन दिवसांनी तोच पुन्हा दुकानात आला. म्हणाला, "मग काका, त्या पुस्तकांऐवजी सरळ एआयचाच संदर्भ देऊ का? त्याचीसुद्धा रीत ठरलेली आहे म्हणे."

रीत खरोखरच आहे. एक नव्हे, अनेक आहेत, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. अमेरिकेतल्या एमएलए या संस्थेने मार्च २०२३ मध्ये सुचवले की यंत्राला लेखक मानू नये. लेखकाची जागा मोकळी सोडून शीर्षकाच्या जागी आपण विचारलेल्या प्रश्नाचे वर्णन द्यावे. पुढच्याच महिन्यात एपीए या मानसशास्त्रज्ञांच्या संस्थेने सांगितले की ज्या कंपनीने ते यंत्र घडवले तिला लेखक समजा. शिकागो मॅन्युअलचा कल असा की या उत्तराला खासगी पत्रासारखे किंवा बोलण्यासारखे धरा. उल्लेख टिपेत करा, पण वाचकाला उघडता येईल असा दुवा नसेल तर संदर्भसूचीत घेऊ नका.

विद्यार्थ्याला हे तीन पर्याय वाटतात. मला ती अडचणीची कबुली वाटते. संदर्भ कसा लिहायचा यावर तीन जाणत्या संस्थांची तीन मते पडतात, कारण यात लेखक कोण हेच कोणाला सांगता येत नाही. पहिल्या मते लेखक नाही, दुसऱ्या मते कंपनी आहे, तिसऱ्या मते ते खासगी बोलणे आहे. 'नेचर' या नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये आणि प्रकाशन-नीतीचे काम पाहणाऱ्या कोप या समितीने फेब्रुवारी २०२३ मध्ये एवढे स्पष्ट केले की यंत्र शोधनिबंधाचे लेखक होऊ शकत नाही, कारण लिहिलेल्याची जबाबदारी ते घेऊ शकत नाही. मग जो लेखक म्हणून जबाबदारी घेऊ शकत नाही, तो साक्षीदार म्हणून ती कशी घेणार? स्वल्पविराम कुठे आणि तारीख कुठे, हे या रीती नीट सांगतात. ते विधान पुरावा म्हणून चालेल का, हे सांगणे त्यांचे काम नव्हते, आणि त्यांनी ते सांगितलेलेही नाही. आपल्याकडे मात्र रीत ठरली म्हणजे परवानगी मिळाली, असा अर्थ घेतला जातो.

यंत्र असे का करते हे समजून घेतले की राग निम्मा होतो. भाषेचे हे यंत्र म्हणजे कपाटात ठेवलेले ग्रंथालय नव्हे. अफाट मजकुरावरून ते एवढेच शिकलेले असते की अमुक शब्दांनंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त. तळटिपेचा साचा तर ठरलेला असतो: आडनाव, नाव, शीर्षक, प्रकाशक, गाव, साल, पृष्ठ. साचा जितका पक्का, तितकी त्याची नक्कल सोपी. म्हणून यंत्राची खोटी टीप खऱ्या टिपेपेक्षा नीटनेटकी दिसते. खऱ्या टिपेत कुठेतरी साल गाळलेले असते, प्रकाशकाचे नाव वाळवीने खाल्लेले असते. दुकानात मी आता अतिशय स्वच्छ टीप दिसली की सावध होतो. आंतरजालावर शोध घेऊन उत्तर देणारी यंत्रे आता आली आहेत. ती दुवे देतात आणि त्यांचा उपयोग होतो. पण तो दुवा उघडून वाचल्यावर संदर्भ त्या पानाचा द्यायचा असतो. वाट दाखवणाऱ्याचे आभार मानावेत, साक्ष मात्र घटना पाहिलेल्याची घ्यावी.

मी स्वतः एक प्रयोग केला. फोनवरच्या एका एआय साधनाला तीन वेगवेगळ्या दिवशी एकच प्रश्न विचारला: १८७५ची दंगल ज्या सुप्यात झाली ते गाव कोणत्या तालुक्यात आहे? पहिल्या दिवशी उत्तर आले, बारामती. तिसऱ्या दिवशीही बारामतीच आले. मधल्या दिवशी आले पारनेर, आणि सोबत दोन परिच्छेद भरून त्या गावाचे वर्णन. आमच्याकडच्या कोणालाही यातली गोम कळेल. सुपे आहे बारामती तालुक्यात, सुपा आहे पारनेर तालुक्यात; जुन्या इंग्रजी कागदांत गाव 'सुपा' असेच लिहिलेले सापडते. दंगली पुढे नगर जिल्ह्यात पसरल्या आणि पारनेरकडेही पोचल्या, त्यामुळे चुकीचे उत्तरही बरोबर वाटते. चुकण्याबद्दल तक्रार नाही. या दोन गावांत माणसेही चुकतात. पण मधल्या दिवसाचे ते उत्तर आता कुठे आहे? माझ्या फोनवर होते. तोच प्रश्न तुम्ही विचारलात तर तुम्हाला तिसरेच मिळेल. मी त्याची टीप दिली, तर वाचक ती घेऊन कुठे जाणार?

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. माणसे तरी कुठे प्रामाणिक आहेत? न वाचलेल्या पुस्तकांच्या टिपा प्रबंधांत सर्रास असतात. हे मी नाकारत नाही. मीही त्यातला आहे. माझ्या सुरुवातीच्या एका लेखात मी दंगलीच्या चौकशी अहवालाचा पृष्ठक्रमांकासह संदर्भ दिला होता. अहवाल मी पाहिलेला नव्हता. दुसऱ्याच्या पुस्तकातली टीप उचलली होती, आणि त्या पुस्तकात पृष्ठ चुकले होते. नगरच्या एका वाचकाचे पोस्टकार्ड आले: या पानावर हे नाही, अहवाल पाहिला आहे का? लाजेने दोन दिवस जेवण गेले नाही. पण ते पोस्टकार्ड येऊ शकले, कारण माझ्या चुकीला पत्ता होता. अहवाल छापलेला होता, पान मोजलेले होते, आणि तिथे जाऊन पाहण्याची मुभा नगरच्या वाचकाला माझ्याइतकीच होती.

खुद्द तो अहवालही निष्पाप नाही. दंगलींची चौकशी सरकारनेच नेमलेल्या समितीने केली. अहवाल मुंबईत १८७६ मध्ये छापला गेला आणि १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे मांडला गेला. त्यात दोष सावकारांवर गेला आणि सरकारी शेतसाऱ्याचा वाटा कमी दाखवला गेला, हे आता बारावीच्या एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकातही शिकवतात. जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या गॅझेटियरच्या पुणे खंडात, म्हणजे १८८५ मध्ये, ही हकिकत आली. रविंदर कुमार यांनी १९६५ मध्ये दंगलींवर शोधनिबंध लिहिला. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये उलट बाजू घेतली आणि या दंगलींचे महत्त्व इतिहासकारांनी फुगवले आहे असे शीर्षकापासूनच सुचवले. कोण बरोबर, याचा निवाडा इथे करायचा नाही. चार्ल्सवर्थ यांना आधीच्यांशी भांडता आले, कारण आधीच्यांनी आपले कागद कुठले ते सांगून ठेवले होते. पक्षपाती अहवालालाही लेखक असतो, नेमणूक असते, हेतू असतो. ते सगळे ध्यानात घेऊन तो वाचता येतो. बनावट कागदाचीही गोष्ट तीच. मोडी कागदपत्रे हाताळणाऱ्यांना ठाऊक आहे की खोट्या सनदेत तिथी आणि वार जुळत नाहीत, कागद त्या काळचा नसतो, मायना चुकतो. खोटे पकडले गेले तरी तो कागद वाया जात नाही; कोणाला, केव्हा, कशासाठी खोटे लिहावेसे वाटले, याचा तो पुरावा ठरतो. यंत्राच्या खोट्या टिपेला असा कोणी जन्मदाता नाही. तिच्यामागे हेतूसुद्धा नाही. तिच्यावरून कळते एवढेच की असे पुस्तक असायला हरकत नव्हती.

वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला तेव्हापासून आपल्याकडे अस्सल कागदाचा आग्रह रुजला. त्याही आधी, मूळ आधार नसलेले काही लिहिणार नाही, अशी प्रतिज्ञा संस्कृत टीकाकार मल्लिनाथाने केली होती. ही परंपरा आपण उत्सवात सांगतो. आजच्या नियमांत मात्र तिची काय गत आहे पाहा. वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये विनियम केले. मजकूर इतर लेखनाशी किती टक्के जुळतो ते सॉफ्टवेअरने तपासायचे. दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही, पुढे पायऱ्यापायऱ्यांनी शिक्षा. या तपासणीतून संदर्भ आणि संदर्भसूची वगळलेली असते. त्या काळी ते रास्तच होते. सूची सगळ्यांची सारखी असणारच. पण आज खोट्याचे बीज नेमके तिथेच पडते. शिवाय जे पुस्तक जगात नाही ते कशाशी जुळणार? माझ्याकडे आलेल्या त्या प्रबंधिकेचा अहवाल उत्तम होता. अकरा भुतांसह ती तपासणीतून सहज पार झाली होती.

न्यायालयांना ही भुते आपल्या आधी भेटली. न्यूयॉर्कमधल्या एका खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले सहा निवाडे दाखल केले आणि जून २०२३ मध्ये पाच हजार डॉलरचा दंड झाला. त्यातल्या वकिलाने यंत्रालाच विचारले होते की हा निवाडा खरा आहे ना, आणि यंत्र हो म्हणाले होते. आपल्याकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकराच्या एका आकारणीचा आदेश रद्द केला, कारण त्यात आधार म्हणून घेतलेले तीन निकाल अस्तित्वातच नव्हते; यंत्राने दिलेली माहिती पडताळल्याशिवाय वापरू नये, अशी समजही दिली. न्यायालयात निदान समोर दुसरा पक्ष असतो. तो निवाडा शोधायला जातो आणि खोटे उघडे पडते. प्रबंधाला दुसरा पक्ष नसतो. मार्गदर्शक घाईत, परीक्षक घाईत, आणि पुढचा विद्यार्थी त्या प्रबंधातली टीप उचलणार. पाच वर्षांनी करडे गावावरचे ते नसलेले पुस्तक चार प्रबंधांत असेल, आणि मग ते नाही असे म्हणणाऱ्यालाच पुरावा द्यावा लागेल.

सुप्याच्या बाजारात लोकांनी काय जाळले, ते इथे मला पुन्हा आठवते. रोख सगळा कागदांवर होता. खतात काय लिहिले आहे ते कुणब्याला वाचता येत नव्हते. अंगठा त्याचा, मजकूर सावकाराचा. कागद व्यवस्थित, शिक्क्यानिशी, न्यायालयात चालणारा. पण त्यामागचा व्यवहार तपासण्याची सोय नव्हती; न्यायालय खत पाहून हुकूमनामा देई. १८७९च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने दोन गोष्टी केल्या. शेतकऱ्याचे खत गावपातळीवरच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर करायचे ठरवले, आणि खताच्या मागे जाऊन मुळात किती घेतले, किती फेडले, हा हिशेब उकरण्याचा अधिकार न्यायाधीशाला दिला. तळटीप म्हणजे वाचकाला दिलेला हाच अधिकार आहे. माझ्या वाक्यावर विसंबू नका, मागे जाऊन पाहा. ज्या टिपेच्या मागे जाताच येत नाही ती सावकाराच्या खतासारखी आहे, आणि तिच्यावर अंगठा उठतो तो गरीब विद्यार्थ्याचाच.

गरीब विद्यार्थी म्हटले की दुसरा आक्षेप येतो, आणि तो मला जास्त बोचतो. न्हावऱ्याच्या पुढच्या मुलाकडे ग्रंथालय नाही, इंग्रजी कच्चे, मार्गदर्शक भेटत नाही. त्याच्या हाती पहिल्यांदाच असा कोणी आला आहे जो रात्री अकरालाही न चिडता उत्तर देतो. ते काढून घेणारे तुम्ही कोण? मी काढून घेत नाही. मला विशीत हे यंत्र मिळाले असते तर 'तत्रैव'चा अर्थ विचारायला मी लाजलो नसतो. इंग्रजी अहवालाचा परिच्छेद समजून घ्यायला, करडे जुन्या लिखाणात 'करदेह' आणि दौंड 'धोंड' अशा रूपात शोधावे लागते हे सुचवून घ्यायला ते जरूर वापरावे. जुनी गॅझेटियरे आता शासनाच्या दर्शनिका विभागानेही आंतरजालावर ठेवली आहेत; तिथवरची वाट यंत्राने दाखवली तर उत्तमच. पण ज्याच्याकडे पदवी, विभाग, ओळख यांपैकी काहीच नाही, त्याला विद्वानांच्या पंगतीत पान मिळते ते तळटिपेच्या बळावर. माझा लेख पहिल्यांदा छापला गेला तेव्हा संपादकांनी माझे शिक्षण विचारले नाही. दोन टिपा तपासल्या आणि छापला. टिपांवरचा विश्वास उडाला की लोक पुन्हा नावापुढची पदवी पाहू लागतील. मोठ्या विद्यापीठातल्या माणसाची खोटी टीप चूक ठरेल, आमची खरी टीपही संशयास्पद ठरेल. यंत्राने दार उघडले असे ज्यांना वाटते, त्यांच्याच तोंडावर ते बंद होईल.

म्हणून त्या मुलाला जे सांगितले तेच इथे सांगतो. यंत्राचे उत्तर हाच अभ्यासाचा विषय असेल, उदाहरणार्थ ते दंगलींविषयी काय चुका करते हे दाखवायचे असेल, तर त्याचा संदर्भ जरूर द्यावा: साधनाचे नाव, आवृत्ती, तारीख, आपला प्रश्न, आणि पूर्ण उत्तर परिशिष्टात. भाषांतर, शुद्धलेखन, शोधाची दिशा यांसाठी ते वापरले असेल तर संशोधन पद्धतीच्या प्रकरणात तसे मोकळेपणाने लिहावे. त्यात कमीपणा नाही. पण १८७५ साली काय घडले याचा पुरावा म्हणून यंत्राचे नाव टिपेत येऊ नये. आणि त्याने सुचवलेले एकही पुस्तक हातात किंवा पडद्यावर उघडून पाहिल्याशिवाय सूचीत जाऊ नये. परीक्षकांना विनंती एवढीच, की प्रत्येक प्रबंधातल्या कुठल्याही पाच टिपा स्वतः शोधून पाहाव्यात. अर्ध्या दिवसाचे काम आहे.

अकरा टिपा काढल्यावर मुलाची दोन प्रकरणे लंगडी झाली. एका प्रकरणातला युक्तिवाद त्याला सोडून द्यावा लागला, मुदत वाढवून घ्यावी लागली, आणि त्या सत्राची फी पुन्हा भरावी लागली. घरी त्याने काय सांगितले मला माहीत नाही. डिसेंबरात तो दुकानात आला तेव्हा अहवालाची छापील पाने त्याच्याजवळ होती. कठीण शब्दांवर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेले. चौदावी टीप आम्ही दोघांनी मिळून पुन्हा लिहिली. ती आता आधीपेक्षा लांब आणि ओबडधोबड आहे, पृष्ठक्रमांक मी स्वतः दोनदा ताडून पाहिला आहे. तरी चुकला असेल तर कोणीतरी पोस्टकार्ड टाकावे.